जुना बॉयलर बदलायचा की अजून दोन-चार हिवाळे ओढायचे? ठरवायचं कसं, एकेक पायरी

टेक्निशियनने बॉयलरचं झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि विचारलं, "किती वर्षांचा आहे?" मी म्हटलं अठरा. त्याने झाकण परत लावलं, हात पुसले आणि म्हणाला, "मग आता बदलूनच टाका." झाली तपासणी! बाहेर बर्फ, घरात सगळे जॅकेट घालून बसलेले, अशा वेळी माणूस काय करणार, हो म्हणतो, सांगतील तेवढे पैसे देतो. मीही हो म्हणणारच होतो, फक्त नवीन बॉयलर बसवायला त्यांच्याकडे आठवड्यानंतरची तारीख होती म्हणून मधल्या दिवसांत स्वतः डोकं घालायला वेळ मिळाला. शेवटी निघालं काय, तर एक्स्पान्शन टँकमधली, म्हणजे तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली, हवा गेलेली. तोच बॉयलर आज बावीस वर्षांचा आहे आणि चालू आहे.

आता यावरून जुना बॉयलर कधीच बदलू नका असं म्हणायचं नाहीये मला. काही बॉयलर खरंच आजच्या आज बंद करायच्या लायकीचे असतात. पण बॉयलरच्या वयावरून फक्त एवढंच कळतं की आता नीट बघायची वेळ झालीये, पुढचं सगळं मोजूनच ठरवावं लागतं, आणि हे मोजमाप थंडीच्या आधी किंवा निदान बॉयलर चालू असताना करायचं, बंद पडल्यावर नाही.

एक आधीच सांगतो, मी आंघोळीच्या गीझरबद्दल बोलत नाहीये. थंड हवेच्या ठिकाणी घर गरम ठेवायला जो बॉयलर असतो, गॅसवर किंवा तेलावर पाणी तापवून पंपाने रेडिएटरमध्ये नाहीतर फरशीखालच्या पाईपमध्ये फिरवणारा, त्याबद्दल आहे हे. हवा तापवून झरोक्यांतून सोडणारी फर्नेस वेगळी, आणि खूप जुन्या घरांत पाण्याऐवजी वाफ फिरवणारे बॉयलर असतात त्यांचं गणितही वेगळं, ते इथे घेत नाही.

पहिली पायरी: चालू ठेवण्याइतका सुरक्षित आहे का

ही पायरी ओलांडल्याशिवाय पैशांचा हिशोब मांडूच नका. इंधन नीट जळलं नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास, आणि धूर बाहेर जायचा रस्ता तुंबला किंवा पाईपचा जोड सुटला की तो घरात येतो. लक्षणं अगदी साधी वाटतात, डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, थकवा, त्यामुळे सर्दी-ताप असेल म्हणून सोडून देतात लोक. खूण अशी की घरातल्या एकाहून जास्त लोकांना एकदमच होतं आणि बाहेर मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं.

डोळ्यांनी काय बघायचं: बॉयलरच्या अंगावर किंवा आसपासच्या भिंतीवर काजळी, धुराच्या पाईपच्या जोडांवर तपकिरी डाग, खिडक्यांवर नेहमीपेक्षा जास्त पाणी साचणं. जुन्या बॉयलरला ज्योत दिसायला छोटी काच असते, गॅसची ज्योत निळी आणि ताठ हवी, पिवळी लोळणारी असेल तर बॉयलर बंद करा आणि परवानाधारक माणसाला बोलवा. नवीन बंदिस्त बॉयलरमध्ये ज्योत नीट दिसत नाही, तिथे दरवर्षीच्या सर्व्हिसला धुराची तपासणी मशीन लावून करून घ्यायची आणि त्याचा छापील कागद मागून घ्यायचा. खूप जण मागतच नाहीत. त्या कागदावरचे आकडे वर्षागणिक बिघडत चाललेत की आहेत तिथेच आहेत, हे बघितलं की बॉयलरच्या तब्येतीचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर हा लेख नंतर वाचा, आधी तो आणा. एक बॉयलरच्या खोलीत, एक झोपायच्या खोल्यांजवळ. त्या अलार्मचंही आयुष्य असतं, साधारण सात ते दहा वर्षं, मागे तारीख छापलेली असते. वाजला तर सगळ्यांनी बाहेर पडायचं, फोन बाहेरून करायचा, आणि नंतर तपासणी होईपर्यंत बॉयलर पुन्हा पेटवायचा नाही. आणि गॅसची लाईन, बर्नर, सीलबंद झाकण यातलं काहीही स्वतः उघडायचं नाही, कितीही व्हिडिओ बघितलेले असले तरी.

या पायरीवर "धुराचा रस्ता खराब आहे" असं निघालं तर तो रस्ता दुरुस्त होतो का ते विचारा. पण "हीट एक्सचेंजरलाच (ज्योतीची उष्णता पाण्यात उतरवणारा भाग) तडा आहे, ज्वलन सुधारत नाही" असं लेखी आलं तर बाकी पायऱ्या सोडा, बदला.

दुसरी पायरी: आपल्याकडे नेमकं काय आहे

बॉयलरवर कुठेतरी एक धातूची पट्टी किंवा स्टिकर असतो, बऱ्याचदा खालच्या बाजूला किंवा झाकणाच्या आत. मोबाईलने फोटो काढा. मॉडेल, सिरीयल नंबर, वर्ष, किती किलोवॅट. मग कंडेन्सिंग, म्हणजे धुरातल्या वाफेची उष्णता परत मिळवणारा, आहे का ते बघा. सोपी खूण म्हणजे धुराचा पाईप प्लास्टिकचा असेल आणि खालून एक बारीक प्लास्टिकची नळी ड्रेनला जात असेल तर कंडेन्सिंग, आणि धुराचा पाईप धातूचा, हात लावला तर भाजेल असा, ड्रेनची नळी नाही, तर जुन्या पद्धतीचा. ब्रिटनमध्ये २००५ पासून आणि युरोपियन युनियनमध्ये २०१५ पासून नवीन बसणारे गॅस बॉयलर जवळपास सगळे कंडेन्सिंगच आहेत, त्यामुळे वर्षावरूनही अंदाज येतो.

हा फरक पुढे फार कामाचा आहे. जुना ओतीव लोखंडाचा जड बॉयलर नीट सांभाळला तर तीस वर्षंसुद्धा काढतो, आणि नवीन कंडेन्सिंग बॉयलर सहसा पंधराच्या आसपास थकतो. म्हणजे "वीस वर्षांचा" या शब्दांचा अर्थ दोन्हीकडे वेगळा.

तिसरी पायरी: दुखणं बॉयलरचं की बाकी सिस्टिमचं

घोडं इथेच पेंड खातं. खोल्या गरम होत नाहीत म्हणून बॉयलर बदलला, आणि नवीन बॉयलर लावूनही खोल्या तशाच गार, असं झालेली घरं कमी नाहीत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! बॉयलर हा सिस्टिमचा एक तुकडा आहे, बाकी पंप, पाईप, रेडिएटर, व्हॉल्व्ह, थर्मोस्टॅट हे सगळं त्याच्या नावावर खपतं.

आधी रेडिएटरला हात लावून बघा, सिस्टिम चांगली तापलेली असताना. वरून गार आणि खालून गरम म्हणजे आत हवा अडकलीये, छोट्या चावीने हवा सोडली की संपलं. वरून गरम आणि खालून मधोमध गार म्हणजे तळाला गाळ बसलाय. हा गाळ म्हणजे लोखंड गंजून झालेला काळा चिखल, इतका बारीक की पाण्यात शाईसारखा दिसतो, आणि तो चुंबकाला चिकटतो. एका पेल्यात रेडिएटरचं पाणी घ्या आणि बघा, काळं आलं तर सिस्टिम धुवून घ्यायला झालीये. बॉयलरच्या जवळचे रेडिएटर उकळताहेत आणि लांबचे गारच, तर बहुतेक वेळा पाण्याचं वाटप बिघडलेलं असतं, प्रत्येक रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला जो टोपीखालचा व्हॉल्व्ह असतो तो कमी-जास्त करून जमवावं लागतं. तास-दोन तासांचं काम, पण कंटाळवाणं, म्हणून कुणी करत नाही.

बॉयलरमधून चहाचं आधण ठेवल्यासारखा खळखळ आवाज येतो का? ते आत क्षार किंवा गाळ साचल्याचं लक्षण आहे, पाणी तिथल्या तिथे उकळतं. कधी धुऊन सुटतं, कधी नाही.

आणि प्रेशर. थंड असताना गेजवर १ ते १.५ बार हवं, तापल्यावर थोडं चढतं, २ च्या आसपास. आमच्याकडे काय व्हायचं की सकाळी काटा १.२ वर, हीटिंग चालू झालं की चढत चढत जवळजवळ ३ वर, मग बाहेरच्या भिंतीतल्या नळीतून टपटप पाणी, आणि संध्याकाळी बंद झाल्यावर काटा शून्यावर, बॉयलर एरर दाखवून ठप्प. मी बिचारा रोज पाणी भरायचो. याचं कारण साधं होतं: पाणी तापलं की फुगतं, १०० लिटर पाणी २० अंशांवरून ७० वर गेलं की साधारण २ लिटर वाढतं, ते जास्तीचं पाणी जायला एक टँक असतो, आत रबराचा पडदा, पडद्यामागे हवा. ती हवा गेली की वाढलेल्या पाण्याला जागाच उरत नाही, प्रेशर ३ बारला पोचतं, सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी फेकतो, थंड झाल्यावर तेवढं पाणी कमी. त्या टँकला सायकलच्या ट्यूबला असतो तसला वाल असतो. टेक्निशियनने (हा दुसरा, पहिला नाही) टोपी काढून पिन दाबली, फुस्स सुद्धा झालं नाही. पाणी आलं असतं तर पडदा फाटलाय म्हणजे टँक नवीन, पण आलं काहीच नाही, म्हणजे नुसती हवा गेलेली. त्याने सिस्टिमचं प्रेशर शून्य केलं, पंपाने हवा भरली, परत पाणी भरलं. मी बघत उभा होतो, चहा गार व्हायच्या आत काम झालं.

प्रेशर हळूहळू पडत असेल, आठवड्याला थोडं थोडं, तर गळती बॉयलरच्या आत आहे की घरातल्या पाईपांत हे एका रात्रीत कळतं. रात्री बॉयलर बंद करून थंड होऊ द्यायचा, मग बॉयलरच्या खाली हीटिंगच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाईपवर जे दोन व्हॉल्व्ह असतात ते बंद करायचे, गेजचा फोटो काढायचा, झोपायचं. सकाळी काटा पडला असेल तर गळती बॉयलरच्या आत, तसाच असेल तर बाहेर कुठेतरी, आणि मग बॉयलर बदलून उपयोग शून्य. बॉयलर पेटवायच्या आधी दोन्ही व्हॉल्व्ह आठवणीने उघडा. ज्यांच्याकडे पाणी आपोआप भरणारा व्हॉल्व्ह आहे त्यांनी टेस्टच्या वेळी तोही बंद करायचा, कारण तो गळती लपवतो. प्रत्येक वेळी नवीन पाणी भरलं की सोबत प्राणवायू आणि क्षार जातात, आणि तेच आतून लोखंड खातात. माझ्यासारखे रोज पाणी भरणारे लोक बॉयलरचं आयुष्य स्वतःच्या हाताने कमी करत असतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

चौथी पायरी: कुठला पार्ट गेलाय

ठिणगी देणारा इलेक्ट्रोड, ज्योत ओळखणारा सेन्सर, थर्मोकपल, हवेचा व्हॉल्व्ह, एक्स्पान्शन टँक, प्रेशरचा सेन्सर, हे सगळे झिजणारेच पार्ट आहेत, यातलं काही गेलं म्हणून बॉयलर बदलणं म्हणजे चप्पल तुटली म्हणून पाय कापणं. पंप आणि गरम पाणी इकडून तिकडे वळवणारा व्हॉल्व्ह थोडे महाग पण तेही बदलण्यासारखे. फॅन, गॅस व्हॉल्व्ह, इलेक्ट्रॉनिक बोर्ड इथे विचार करावा लागतो. बोर्ड दोन वर्षांत दुसऱ्यांदा गेला असेल तर वर कुठून पाणी ठिबकतंय का ते आधी बघायला सांगा, नाहीतर तिसराही जाईल. आणि हीट एक्सचेंजर फुटला, किंवा ओतीव लोखंडाला तडा गेला, तर वॉरंटी नसल्यास मी पुढे जात नाही, कारण पार्ट आणि मजुरी मिळून नव्याच्या बरंच जवळ जातं आणि बाकी सगळं जुनंच राहतं.

माझा आपला ढोबळ नियम: बॉयलरने सरासरी आयुष्य ओलांडलंय आणि एका दुरुस्तीचा खर्च नवीन बसवायच्या एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त, तर बदलायचा. शिवाय मागच्या तीन हिवाळ्यांतली सगळी बिलं एकत्र करून बघायची, कारण एकेक बिल छोटं वाटतं.

"याचे पार्ट मिळत नाहीत आता" हे वाक्य फार ऐकू येतं. कधी खरं असतं, मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली की खरंच मिळत नाहीत. पण पार्ट नंबर लिहून मागा आणि स्वतः शोधून बघा, दहा मिनिटांत कळतं. पार्ट नंबर द्यायला का कू करणारा माणूस मला आवडत नाही.

पाचवी पायरी: गॅस किती वाचेल

कुठलंही माहितीपत्रक उघडा, "मोठी बचत" लिहिलेलं असतं. काही ठिकाणी तर कार्यक्षमता १०७ टक्के! ही जादू वगैरे काही नाही, धुरातल्या वाफेची उष्णता हिशोबात न धरता टक्केवारी काढली की असा आकडा येतो. १ घनमीटर गॅस जळला की दीड लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन धुरासोबत जातं, आणि गॅसच्या एकूण उष्णतेतला साधारण दहावा हिस्सा त्या वाफेत असतो. कंडेन्सिंग बॉयलर ती वाफ आतच थंड करून पाणी करतो आणि तो हिस्सा परत मिळवतो, एवढंच त्याचं कसब.

पूर्ण उष्णता धरून ढोबळ आकडे असे: सतत जळत राहणाऱ्या पायलट ज्योतीचा, गरजेपेक्षा मोठा, फार जुना बॉयलर वर्षभराच्या सरासरीत ६० ते ७० टक्के, त्यानंतरचा फॅनवाला पण कंडेन्सिंग नसलेला ८० च्या आसपास, आणि नीट सेट केलेला कंडेन्सिंग ९० च्या वर. आता बचत काढताना लोक वजाबाकी करतात, ९२ वजा ६८ म्हणजे २४ टक्के. तसं नसतं. ६८ ला ९२ ने भागायचं, येतं ०.७४, म्हणजे बचत २६ टक्के. ८० वरून ९२ वर जात असाल तर १३ टक्के. ८६ वरून असाल तर जेमतेम साडेसहा.

मग आपल्या वर्षाच्या बिलातून आंघोळीचं पाणी आणि स्वयंपाकाचा गॅस वजा करा (उन्हाळ्यातल्या महिन्याचं बिल बघा, तेवढा खर्च बाराही महिने असतो असं धरा) आणि उरलेल्या हीटिंगच्या खर्चाला हा टक्का लावा. समजा नवीन बॉयलरचा सगळा खर्च तुमच्या वर्षाच्या हीटिंग खर्चाच्या तिप्पट आहे. २६ टक्के वाचले तर साडेअकरा वर्षांत पैसे वसूल, १३ टक्के वाचले तर तेवीस वर्षं, आणि तोवर तो नवीन बॉयलरच म्हातारा होऊन गेलेला असतो. म्हणून ८० टक्केवाला ठणठणीत बॉयलर फक्त बचतीसाठी फेकणं मला पटत नाही, तेच पैसे माळ्यावर उष्णतारोधक थर आणि खिडक्यांच्या फटी बुजवायला घातले तर बऱ्याच घरांत लवकर सुटतात. ६० टक्केवाला असेल तर मात्र हिशोब पलटतो.

सहावी पायरी: ५५ अंशांची गोष्ट

इथे एक मेख आहे जी विकणारा सहसा सांगत नाही. वाफेचं पाणी तेव्हाच होतं जेव्हा रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असतं, आणि जितकं खाली तितकं चांगलं. नवीन कंडेन्सिंग बॉयलर लावला आणि त्याला ७५ अंशांवर ठेवलं तर तो ९२ नाही, ८६-८७ च देणार, म्हणजे महागडं यंत्र घेऊन जुन्याचंच काम.

मग प्रश्न येतो की तुमचे रेडिएटर कमी तापमानावर घर गरम करू शकतात का. रेडिएटरवर छापलेली ताकद ७५ अंशांनी आत, ६५ ने बाहेर, खोली २० अंश, या हिशोबाची असते. पाणी ५५ ने आत आणि ४५ ने बाहेर ठेवलं तर तीच ताकद निम्म्यावर येते. ऐकून घाबरू नका, जुन्या घरांत रेडिएटर मुळात गरजेपेक्षा मोठे बसवलेले असतात, आणि नंतर खिडक्या बदलल्या, भिंतींना थर दिला की गरज अजून कमी झालेली असते.

बॉयलर आधीपासून कंडेन्सिंग असेल तर टेस्ट फुकटात होते: थंडीच्या दिवसांत हीटिंगच्या पाण्याचं तापमान ५५ वर आणा, दोन-तीन दिवस तसंच ठेवा, कुठली खोली मागे पडते ते लिहा. एखाद-दुसरी खोली मागे पडली तर तिथला रेडिएटर मोठा करायचा. पण बॉयलर जुन्या पद्धतीचा असेल तर असं करू नका, त्याच्या आत वाफेचं आम्लयुक्त पाणी साचलं तर तो गंजतो, मॅन्युअलमध्ये दिलेल्या किमान तापमानाच्या खाली न्यायचं नाही. त्या किमानवर घर आरामात गरम राहतंय एवढं कळलं तरी बरंच कळलं. आणि हे फक्त हीटिंगच्या पाण्याचं, गरम पाण्याची साठवणीची टाकी असेल तर ती जंतू मरावेत म्हणून ६० अंशांपर्यंत तापायलाच हवी, तिला हात लावू नका.

सातवी पायरी: किती किलोवॅटचा

जुना २८ किलोवॅटचा होता म्हणून नवीनही २८ चा, वर थोडा जास्त असू दे. असंच चालतं सगळीकडे. तुमच्या घराला खरंच किती लागतं ते मीटर सांगतो. एका थंड दिवशी सकाळी सात वाजता मीटर वाचा, दुसऱ्या दिवशी सात वाजता परत. समजा २२ घनमीटर जळला, त्यातले २ पाणी-स्वयंपाकाचे, उरले २०. एका घनमीटरमध्ये सुमारे १०.५ किलोवॅट-तास (बिलावर नेमका आकडा असतो), म्हणजे २१०. जुना बॉयलर ८० टक्केवाला, म्हणजे घरात पोचले १६८. भागिले २४ तास, ७ किलोवॅट. त्या दिवशी बाहेर सरासरी २ अंश आणि आत २०, फरक १८, म्हणजे एका अंशाला ०.३९ किलोवॅट. तुमच्याकडच्या सगळ्यात कडक रात्री उणे ८ होत असेल तर फरक २८, म्हणजे ११ किलोवॅट. आणि भिंतीवर लटकलाय २८ चा!

मोठा घेतला तर बिघडतं काय? तो दोन मिनिटं पेटतो, पाणी लगेच तापतं, विझतो, परत पेटतो. दर पेटण्याला उष्णता वाया जाते, पार्ट झिजतात आणि कंडेन्सिंग नीट होत नाही. तुमचा बॉयलर एका तासात किती वेळा पेटतो ते मोजा, आठ-दहा वेळा पेटत असेल तर तो घराला मोठाच आहे. आंघोळीचं पाणी थेट तापवणारा बॉयलर असेल तर त्याला पाण्यासाठी २४-२८ किलोवॅट लागतातच, तिथे बघायचा आकडा म्हणजे तो हीटिंगसाठी कमीत कमी किती खाली उतरू शकतो. ३ किलोवॅटपर्यंत उतरणारा आणि ८ वर अडकणारा, यांच्यात खूप फरक आहे.

हीट पंपाचं काय

हीट पंप म्हणजे विजेवर चालून बाहेरची उष्णता ओढून घरात आणणारं यंत्र. बदलायचंच ठरलं तर हा विचार त्याच वेळी करा, नंतर पंधरा वर्षं संधी नाही. हिशोब एका ओळीचा आहे: विजेचा एका युनिटचा दर भागिले गॅसचा एका किलोवॅट-तासाचा दर. गॅस बॉयलर ९० टक्केवाला आणि हीट पंप एका युनिटात सरासरी ३ युनिट उष्णता देत असेल तर हा भागाकार ३.३ च्या खाली असला पाहिजे, मग चालवायला हीट पंप स्वस्त. वर असेल तर महाग. आणि हीट पंपाला कमी तापमानाचं पाणी अजूनच जास्त हवं असतं, त्यामुळे ५५ अंशांच्या टेस्टमध्ये घर नापास झालं असेल तर आधी रेडिएटर आणि भिंती.

कोटेशन मागताना

तीन मागा, आणि तिघांना तुमचा ११ किलोवॅटचा कागद दाखवा. जो बघून म्हणतो "चला, मी पण खोल्या मोजतो" त्याला पुढच्या फेरीत घ्या. कागदावर या गोष्टी वेगळ्या लिहिलेल्या हव्यात: जुनी सिस्टिम धुणं, चुंबकाचा फिल्टर आणि गंजरोधक औषध (हे नसेल तर जुना काळा चिखल नवीन बॉयलरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो, आणि वॉरंटीवालेही हात वर करतात), नवीन धुराचा पाईप, कंडेन्सेटची (वाफेचं झालेलं पाणी) नळी कुठून जाणार. ती बाहेरच्या भिंतीवरून बारीक नळीने नेली तर कडक थंडीत गोठते आणि बरोबर त्याच दिवशी बॉयलर बंद पडतो, म्हणून शक्यतो आतून, नाहीतर जाड आणि गुंडाळलेली. जुन्या चिमणीला पाण्याचा वेगळा गॅस हीटरही जोडलेला असेल तर बॉयलर काढल्यावर तो एकटा त्या मोठ्या चिमणीत धूर नीट वर ढकलेल का, हे मुद्दाम विचारा, हे हमखास विसरलं जातं. फार जुन्या बॉयलरच्या आवरणात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते कोण आणि कसं काढणार तेही आधीच. बाहेरच्या तापमानाप्रमाणे पाण्याचं तापमान आपोआप कमी-जास्त करणारा सेन्सर बसवून घ्या, आणि काम झाल्यावर सेट कोण करणार ते लिहून घ्या, कारण सेन्सर बसतो आणि सेटिंग कारखान्यातलंच राहतं.

एवढं सगळं हातात आलं की ठरवणं अवघड राहत नाही. धोका असेल किंवा हीट एक्सचेंजर गेला असेल तर आज बदला. पार्ट खरंच मिळत नसतील तर या उन्हाळ्यात. ६०-६५ टक्केवाला जुना असेल आणि तुम्ही त्या घरात दहा-बारा वर्षं राहणार असाल तर पुढच्या एक-दोन वर्षांत, सावकाश. घर विकायचंय किंवा भिंती-खिडक्यांचं काम करायचंय तर थांबा, कारण त्यानंतर लागणारा बॉयलर छोटा असेल. बाकी सगळ्यांनी दुरुस्ती, सर्व्हिस, आणि एक तयार कोटेशन घरात ठेवायचं, म्हणजे भर थंडीत गेलाच तर फोन कुणाला करायचा ते माहीत असेल.

आमच्या बॉयलरशेजारच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद लावलाय. टँकमध्ये हवा कधी भरली, इलेक्ट्रोड कधी बदलला, दर महिन्याचं थंड प्रेशर, धुराच्या तपासणीचे आकडे, आणि खाली गेल्या उन्हाळ्यात मागवलेल्या कोटेशनमधलं पसंत पडलेलं मॉडेल. गेल्या महिन्यापासून फॅन सुरू होताना जरा घरघर करतोय, तेही लिहून ठेवलंय, तारखेसकट.